लाल की निळा? टोचनच्या रील्सबद्दल

दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे असतात. मधे साखळी. मागे पंजाबी गाणं, ज्यातले चार शब्द आपल्याला कळतात आणि त्यातला एक 'जट्ट' असतो. काळा धूर निघतो, पुढची चाकं उचलली जातात, एक ट्रॅक्टर फरफटत मागे जातो आणि स्क्रीनवर अक्षरं येतात : बाप बाप होता है. खाली कमेंटमध्ये महाभारत. महिंद्रावाले स्वराजवाल्यांना डबडं म्हणतात, स्वराजवाले सोनालिकावाल्यांना, आणि जॉन डिअरवाले सगळ्यांनाच. पंचवीस सेकंदांत निकाल लागतो.

हा प्रकार मी गेले काही महिने मन लावून पाहतोय. सिनेमावर लिहिणारे सिनेमा पाहतात, तसा. माझं गाव वडनेर, तालुका हिंगणघाट. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं. पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पायात पाच किलो चिकटणारी काळी माती. इथल्या पोरांच्या मोबाइलवर जेवढं क्रिकेट चालतं, जवळपास तेवढंच टोचन चालतं. त्यामुळे या रील्सकडे 'काय टाइमपास' म्हणून पाहणं मला पटत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त पाहिली जाणारी ही कला आहे. मग तिच्याबद्दल कोणीतरी धड बोलायला हवं.

आधी शब्द. टोचन म्हणजे आमच्याकडे मदत. ट्रक बंद पडला, दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजपर्यंत नेला, हे टोचन. ऑगस्टमध्ये वावरात ट्रॅक्टर फसला, शेजाऱ्याचा आणला, साखळी लावली, काढला, हेही टोचन. काळ्या मातीत हे दर पावसाळ्यात घडतं आणि तेव्हा बॉनेटचा रंग कोणी पाहत नाही. आमच्या काकाचा लाल महिंद्रा अर्ध्या चाकापर्यंत रुतलेला असताना त्याला बाहेर काढणारा स्वराज निघाला होता. त्याचा मालक एवढंच म्हणाला, "भाऊ, चहा तं पाजान नं आता?" रीलमधल्या टोचनात साखळी तीच आहे. फक्त दोन्ही बाजू उलट्या दिशेला ओढतात. शब्दाचा अर्थ एवढा फिरला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आता रील जे सांगतं ते खरं आहे का, ते पाहू. रीलचा दावा असा की जो ओढतो तो ट्रॅक्टर दमदार. हा दावा चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळायला इंजिनिअर असायची गरज नाही. ट्रॅक्टर किती ओढणार हे इतक्या कमी वेगात इंजिनच्या हॉर्सपॉवरवर ठरत नाही. पहिल्या लो गिअरमध्ये चाक फिरवण्याएवढा जोर जवळजवळ प्रत्येकात असतो. प्रश्न चाक जमिनीला किती धरतं याचा आहे. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण दोन टन. त्यातलं मागच्या चाकांवर किती पडलं, टायर नवा की घासलेला, टायरमध्ये पाणी भरलंय का, चाकाला लोखंडी वजनं लावलीत का, खाली कोरडी माती आहे की भुसभुशीत, साखळी किती उंचीवर बांधली आणि क्लच सोडणारा पाय कोणाचा, यावर सगळा खेळ. टायरमध्ये पाणी भरलेला जुना ट्रॅक्टर कोऱ्या, हलक्या ट्रॅक्टरला आरामात ओढून नेतो. रील बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून तर कॅमेरा टायरच्या व्हॉल्व्हकडे कधी जात नाही.

साखळीच्या उंचीची गोष्ट तर जिवाशी येते. साखळी मागच्या आसाच्या वर बांधली की ओढ वाढेल तसं पुढचं तोंड उचललं जातं. तोच क्षण रीलमध्ये स्लो मोशनमध्ये दाखवतात, कारण तोच सगळ्यात देखणा असतो. आणखी जोर लावला की ट्रॅक्टर उलटा ड्रायव्हरच्या अंगावर येतो. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबात एका ग्रामीण मेळ्यात ट्रॅक्टरचा स्टंट करताना एक तरुण गेला आणि तिथल्या सरकारने ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी घातली. त्या बातमीच्या खालीही लोक ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा होता हे विचारत होते.

कोणता ट्रॅक्टर किती ओढतो याचं खरं उत्तर हवं असेल तर ते उपलब्ध आहे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र परीक्षण संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर तपासले जातात : पीटीओला किती ताकद मिळते, ठरलेल्या ट्रॅकवर किती ओढतो, तासाला डिझेल किती पितो, ब्रेक कसे लागतात, हायड्रॉलिक किती उचलतं. अहवाल छापून येतात. त्यातली भाषा इतकी कोरडी आहे की मी पहिल्यांदा वाचताना दोनदा झोपलो. पण त्यात एक गोष्ट दिसली. एकाच ताकदीच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरमध्ये फरक असतात, पण ते 'बाप' आणि 'लेकरू' एवढे नसतात. डिझेलमध्ये थोडा, उचलण्यात थोडा, गिअरच्या वेगात थोडा. यावर भांडण करायचं म्हटलं तरी कोण करणार?

म्हणून भांडण रंगावर आणि नावावर होतं. ट्रॅक्टरची नावं कधी नीट वाचलीत? महिंद्राकडे भूमिपुत्र आहे, सरपंच आहे, अर्जुन आहे, छोट्या शेतकऱ्यासाठी युवराज आहे. आधी मातीचा लेक, मग गावचा पुढारी, मग थेट महाभारतातला धनुर्धर. म्हणजे ट्रॅक्टर घेणाऱ्याने गावात कुठवर पोचायचं याची पूर्ण शिडी कंपनीने बॉनेटवर चिकटवून दिली आहे. सोनालिकाकडे सिकंदर आहे. जग जिंकायला निघालेला माणूस आपल्या सोयाबीनच्या वावरात रोटाव्हेटर फिरवतो. स्वराजची मात्र तऱ्हा वेगळी. तिथे बहुतेक नुसते आकडे : ७२४, ७३५, ७४४, ८५५. कारण कंपनीचं नावच एवढं मोठं आहे की पुढे आणखी काही लावायची गरज पडली नाही. टिळकांचा शब्द, गांधींचा शब्द. आणि आमचा जिल्हा सेवाग्रामचा! याच वर्ध्यात मगनवाडीला बसून जे. सी. कुमारप्पांनी मांडलं होतं की जमिनीतल्या साठ्यावर, खनिज तेलावर उभी केलेली व्यवस्था टिकाऊ नसते. त्या जिल्ह्यात आज 'स्वराज' म्हटलं की पोरांना आधी सायलेन्सरचा आवाज आठवतो. यात तक्रार काही नाही. शब्द कसे प्रवास करतात ते पाहायला मजा येते, एवढंच.

आता या भांडणाची मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट. कमेंटमध्ये एक वाद नेहमी असतो : महिंद्रा म्हणजे आपला, महाराष्ट्राचा, स्वराज म्हणजे पंजाबचा. आमच्याकडे नागपूरला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, त्यामुळे 'आपला' म्हणायला जोर येतो. पण महिंद्रा बंधू, जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र, मूळचे लुधियानाचे. पक्के पंजाबी. त्यांची कंपनी मुंबईत १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. ट्रॅक्टर आला १९६३मध्ये, अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून. बी-२७५ हे त्यांचं मॉडेल, आणि २७५ हा आकडा महिंद्राच्या बॉनेटवर अजून आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा रंगही लालच. तिकडे अमेरिकेत लाल विरुद्ध जॉन डिअरचा हिरवा हे शेतकऱ्यांचं भांडण कित्येक पिढ्या चाललं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रॅक्टरचा धंदा १९८५मध्ये विकला गेला. म्हणजे वडनेरचा पोरगा ज्या लाल रंगासाठी कमेंटमध्ये शिव्या खातो, तो शिकागोच्या एका मोडलेल्या कंपनीकडून आलेला आहे.

आणि स्वराज? पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी १९७०ची, कारखाना मोहालीला. पण आराखडा बंगालमधल्या दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत घडलेला. परदेशी कंपनीचा हात न धरता बनवलेला ट्रॅक्टर, म्हणून नाव स्वराज. १९७४मध्ये तो बाजारात आला. पुढे १९८५मध्ये त्यांनी इंजिनासाठी वेगळी कंपनी काढली, स्वराज इंजिन्स, आणि तिच्यात भागीदार होती किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. पुण्याची! ज्यांच्या इंजिनांवर महाराष्ट्रातल्या विहिरी उपसल्या गेल्या, त्याच घराण्याची. मग 'पंजाबचा' कोण आणि 'आपला' कोण?

याहून मोठा विनोद २००७मध्ये झाला. त्या वर्षी महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्स ताब्यात घेतली आणि पुढच्या दोन वर्षांत ती आपल्यात विलीन करून टाकली. म्हणजे महिंद्रा आणि स्वराज हे आज एकाच मालकाचे दोन ब्रँड आहेत. देशात विकल्या जाणाऱ्या दर शंभर ट्रॅक्टरपैकी चाळीसहून जास्त या एका घरातले. तिकडे आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५मध्ये चेन्नईच्या टॅफेने घेतला, आणि टॅफे मॅसी फर्ग्युसन बनवते. म्हणजे आयशर-मॅसी हीही घरातलीच जोडी. एस्कॉर्ट्सचा ताबा २०२२मध्ये जपानच्या कुबोटाकडे गेला. टोचनच्या मैदानात एकमेकांना फरफटवणाऱ्या कितीतरी जोड्यांचा नफा रात्री एकाच गल्ल्यात जमा होतो. कंपनीने हे दोन रंग एक केले नाहीत, हे उगीच नाही. लालवाल्याला निळा घेऊ द्यायचा नाही, निळ्यावाल्याला लाल, आणि दोघांनाही हिरव्याकडे जाऊ द्यायचं नाही. लोकांनी फुकटात चालवलेलं वैर हे या दुकानाचं सगळ्यात स्वस्त कुंपण आहे.

हे फक्त आपल्या शेतकऱ्यांना फसवायला निघालेलं काही आहे असं वाटत असेल, तर श्रीमंतांकडे पाहा. अमेरिकेत मायामीला समुद्रात शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पळणाऱ्या मोटरबोटींचे शौकीन आहेत. एकेका बोटीच्या किमतीत आपल्याकडे ट्रॅक्टरचं शोरूम उभं राहील. त्यांच्यातही हेच : फॉर्म्युलावाले, डॉन्झीवाले, मॅग्नमवाले, सिगारेटवाले. (सिगारेट हे बोटीचं नाव आहे.) माझी बोट खरी, तुझी डबकं. मजा अशी की या चारही कंपन्या एकाच माणसाने काढल्या, डॉन अॅरोनोने, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एकेक विकत आणि पुढची उभारत. नॉर्थ मायामीतल्या १८८व्या रस्त्यावर त्यांचे कारखाने होते. स्वतः तो शर्यतीत विश्वविजेता. त्याने विकलेल्या बोटींना हरवणाऱ्या बोटी तोच बनवायचा आणि जुन्या गिऱ्हाइकालाच नवी विकायचा. १९८७च्या फेब्रुवारीत त्याच रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. ती वेगळी आणि बरीच काळी गोष्ट. पण त्याच्या चार नावांचे भक्त त्यानंतरही एकमेकांशी भांडत राहिले. त्यातल्या बऱ्याच बोटींच्या आत इंजिन मात्र मर्क्युरी या एकाच कंपनीचं. हे वाचल्यावर मला आमच्या गावची पोरं जरा कमी वेडी वाटायला लागली.

इथपर्यंत आल्यावर सोपं होतं म्हणणं, की सगळी निष्ठा म्हणजे येडेपणा. मी तसं म्हणणार नाही, कारण आमच्या घरात लालच आहे आणि का आहे ते मला माहीत आहे. काकाने ट्रॅक्टर घ्यायचा ठरवला तेव्हा त्याने ना जाहिरात पाहिली ना हॉर्सपॉवर. त्याने मिस्त्रीला विचारलं. गावात हाताला काळं लागलेला एकच भरवशाचा माणूस होता आणि त्याचा हात महिंद्रावर बसलेला. हिंगणघाटला पार्ट लगेच मिळतो, तुरीच्या दाण्याएवढ्या वॉशरसाठी नागपूरला जावं लागत नाही, आणि उद्या विकायचा झाला तर घेणारा पंचक्रोशीत सापडतो. बस. चार कोसांवरच्या दुसऱ्या गावात मिस्त्री स्वराजचा असेल तर तिथे निम्मं गाव स्वराज. आतलं बेअरिंग नि डिझेल पंप कोणी तिसऱ्याच कंपनीने बनवलेले असतात, हे मिस्त्रीला ठाऊक असतं, तो सांगत बसत नाही. बाहेरून जी ब्रँडवरची श्रद्धा दिसते, ती खरं तर एका माणसावरची असते. खरिपात ट्रॅक्टर दोन दिवस बंद राहिला तर पेरणीची वेळ जाते. त्या दोन दिवसांच्या भीतीतून निष्ठा तयार होते. ही शहाणी निष्ठा आहे.

रील्सवरचा माझा मुख्य आक्षेप इथे आहे. त्यांत मिस्त्री नाही. ड्रायव्हर असतो, पण त्याचा चेहरा नसतो. पाय असतो, गॉगल असतो. हप्ता तर नसतोच. सात-आठ लाखांचं कर्ज, कापसाचे पैसे आले की भरायचा हप्ता, आणि कापसाला भाव नाही म्हणून लांबलेला हप्ता. गावात एका ट्रॅक्टरचे सात झाले तेव्हा एकरी नांगरटीचा दर खाली आला. आता खरी चढाओढ तिथे आहे. माझ्या ओळखीतले दोन मालक, एक लाल एक निळा, एकाच वावरासाठी एकमेकांपेक्षा कमी दर सांगतात आणि दोघंही डिझेलच्या वर फारसं काही उरवत नाहीत. हे दोघं स्टेटसला एकमेकांच्या ट्रॅक्टरची टिंगल ठेवतात. "त्याच्या डबड्याले इचार, चढावर काहून मरते थे!" ज्या गोष्टीवर त्यांनी एकत्र बसून बोलायला हवं, त्या दराबद्दल मात्र स्टेटस नाही.

तुलनेला शंकरपट घ्या. बैलजोड्यांची शर्यत, विदर्भाची आपली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने थांबली, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परतली, मे २०२३मध्ये कायम झाली. बैलांना होणाऱ्या त्रासाचे प्रश्न तिथे आहेत आणि ते खरे आहेत. पण तिथला अभिमान कसा असतो? जोडीला नाव असतं. मालकाचं नाव माइकवर पुकारतात, गावाचं नाव पुकारतात, धुरकऱ्याचं नावही लोकांना माहीत असतं. हरलेल्या जोडीच्या कपाळाला हात लावून लोक घरी नेतात. ट्रॅक्टरच्या टोचनात जिंकल्यावर नाव कोणाचं होतं? कंपनीचं. ज्या पोराने क्लच इतका हळू सोडला की चाक घसरलं नाही, त्या कसबाचं काय? रीलमध्ये ते दिसतं, फक्त आपल्याला पाहायला शिकवलेलं नाही.

या सगळ्या प्रकारात खरोखर मोठं असं काही असेल तर ते सिद्धू मूसेवाला आणि त्याचा ५९११. एचएमटीचा ट्रॅक्टर. एचएमटी म्हणजे घड्याळाची सरकारी कंपनी. तिने १९७०च्या दशकात चेक झेटरच्या मदतीने ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि २०१६मध्ये तो विभाग बंद झाला. म्हणजे मूसेवाला ज्याचं कौतुक करत होता त्याचं शोरूम नाही, जाहिरात नाही, विकायला कोणी बसलेलं नाही. कोणाच्या गल्ल्यात त्याच्या प्रेमाने एक रुपया पडणार नव्हता. मे २०२२मध्ये त्याचा खून झाला तेव्हा त्याला शेवटचं त्याच ट्रॅक्टरवरून नेलं. तो व्हिडिओ आमच्या गावात प्रत्येकाने पाहिलाय. त्यात साखळी नाही, धूर नाही, कोणी हरत नाही. ट्रॅक्टर सावकाश चाललाय आणि भोवती माणसंच माणसं. टोचनच्या हजार रील्समध्ये मला जे सापडत नाही ते तिथे आहे : यंत्र आणि ते वापरणारा माणूस एकाच चौकटीत.

इतक्यात आमच्याकडचे काही जण वेगळं करू लागलेत. वर्ध्याकडच्या एका पोराचा रील माझ्या फीडमध्ये आला. नुसता आवाज. पहाटे थंड इंजिन सुरू होतंय, पहिल्यांदा धरत नाही, दुसऱ्यांदा धरतं, आणि मागे कोणीतरी म्हणतं, "झालं, आता पाणी पाय." गाणं नाही, कॅप्शन नाही. लाइक्स बेताच्याच. मी तीनदा पाहिला.

२०२५च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हापासून काकाच्या डोक्यात जुना काढून नवा घ्यायचं आहे. घरातली पोरं निळ्यासाठी भांडतायत, कारण निळ्याच्या जाहिरातीत धोनी आहे. काकाने अजून काही ठरवलेलं नाही. जुना मिस्त्री आता थकला, त्याचा पोरगा पुण्याला गेला, आणि फाट्यावर नवीन गॅरेज टाकणाऱ्याचा हात कशावर बसलाय याची तो दिवाळीपासून चौकशी करतोय.